आधी भाभीचा बंद करा

"पोरगी गुणाची हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पन ती लॅपटॉप घेऊन घरात आली आन् दुकानातलं नेटच बसलं बघ!"

सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, शेजारच्या मालनकाकूंना सांगत होत्या. भिंतीच्या अलीकडे मी कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल जरा जास्तच जोरात झटकला गेला असावा, कारण पलीकडचा आवाज एकदम बंद झाला!

भोरला आमचं पुढे सायबर कॅफे आणि फोटो स्टुडिओ, मागे घर. अशा घरात किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाईक चपला काढता काढता एखादा ठेवून जातं. ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. तेव्हा मात्र मला त्यांचं हसू यायचं नाही. अम्मींनी ठरवूनच टाकलं होतं, रविवारी माझा भाऊ शिरवळहून आला की लॅपटॉप त्याच्याबरोबर परत पाठवायचा. त्यावर मी शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचे. या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं काम तेवढंच होतं.

*

आमच्या लग्नाच्या रंगरंगोटीत दुकानातल्या वायरी उखडल्या, म्हणून माझ्या नवऱ्याने, जावेदने, वायरलेस बसवलं. एक छोटा डबा, त्याला दोन अँटेना. "हवेतनं येतं," असं त्याने अम्मींना समजावलं.

दुसऱ्या दिवशी कॅफेतली पोरं घामाने निथळत बसलेली. पंखा बंद!

"अम्मी, पंखा कुणी बंद केला?"

"मीच. हवेतनं येतंय म्हनलास ना? वाऱ्यानं उडून जाईल की!"

*

मग त्या डब्यावर अम्मींनी क्रोशाचा रुमाल घातला. वर प्लास्टिकची फुलं. डबा आत तापायचा आणि दुपार झाली की मान टाकायचा.

धाकट्या दिराने, सलीमने, रुमाल ओढून काढला. "अम्मी, ह्याला गरम होतंय!"

"पावनं येत्यात घरात. असं उघडंनागडं बरं दिसतं व्हय?"

रुमाल निघाला, पण तो काढायचं सुचण्याआधी माझा लॅपटॉप तीनदा बंद करून झाला होता.

*

त्याचं असं होतं, की नेट अडकलं की आमच्याकडे तपासायची एक पद्धत होती. एकेक मशीन बंद करायचं आणि बघायचं, कुणामुळे अडलंय. पद्धत बरोबरच. फक्त क्रम मानाचा, खालून वर!

सलीम दारातूनच ओरडायचा, "आधी भाभीचा बंद करा!" मग त्याचं स्वतःचं. मग कॅफेतली. मग जावेदचं. आणि आतल्या खोलीच्या दाराशी तपासणी थांबायची, कारण आत अब्बांचं मशीन. अब्बा म्हणजे माझे सासरे. आळीतला पहिला कॉम्प्युटर त्यांनी पुण्याहून मांडीवर घेऊन आणला होता. स्टुडिओचे सगळे फोटो दिवसभर त्याच्यावरच जायचे.

एकदा एका गिऱ्हाइकाने भाबडेपणाने विचारलं, "आतलं एक ऱ्हायलं की?"

"ते अब्बांचं हाय," सलीम म्हणाला. जणू ते विजेवर चालतच नव्हतं!

*

एकदा अब्बा पासलीला लग्नाचे फोटो काढायला गेले. जाताना मशीन बंद, खोलीला कुलूप.

त्या दिवशी नेट जे पळालं! गुंजवण्याचे एक काका म्हणाले, "च्यायला, पुन्यातबी एवढं फास्ट न्हाई!" माझा लॅपटॉप सकाळपासून चालू होता. सातवीचा इतिहासाचा पेपर मी सगळा उरकला.

श्रेय घ्यायला रांग लागली. सलीम म्हणाला, "म्या अँटेना फिरवली." अम्मी म्हणाल्या, "पिराला नारळ बोलले हुते."

संध्याकाळी अब्बा परत आले. चपला काढल्या, कॅमेऱ्यातले फोटो पुढच्या मशीनवर उतरवले, आतलं मशीन चालू केलं आणि नवरा-नवरीचे फोटो वायरलेसवरून आत ओढायला बसले. लगेच दुकानातून आरोळी आली.

"आधी भाभीचा बंद करा!"

*

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी जावेदला विचारलं, "अब्बांच्या मशीनमध्ये वायरलेसचं कार्ड कुठलं?"

त्याचा चमचा कपात थांबला. "बी."

"आणि आपला डबा?"

"जी. हळू बोल ना!"

मग तोच हळू आवाजात सांगू लागला. बी हे जुनं, त्याचा वेग अकरा. जी नवं, त्याचा चोपन्न. दोन्ही एकत्र चालतात, पण एक जुनं मध्ये बसलं की बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबत थांबत बोलावं लागतं. त्यात ते लांबच्या खोलीतून फोटो ओढायला लागलं, की मग संपलंच.

"माझा लॅपटॉप?"

"जी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बसवलं तेव्हापासून."

"मग कार्ड बदलत का नाही?"

"त्याला मशीन उघडावं लागेल. अब्बांचं मशीन!" त्याने दाराकडे बघितलं. "तूच सांग ना. नवी आहेस, तुला काही बोलणार नाहीत."

*

रविवारी भाऊ आला. अम्मींनी त्याला आग्रह करकरून जेवू घातलं. लॅपटॉप पिशवीत, चार्जर गुंडाळलेला, पिशवी त्याच्या पायाशी.

पुढे दुकानात पालीची एक मुलगी वडिलांबरोबर आलेली. डिप्लोमाचा फॉर्म, शेवटचा दिवस, आणि पान अर्ध्यावर अडकलेलं.

सलीम सवयीने दारात आला. "आधी भाभीचा..." त्याला पिशवी दिसली. तो तसाच मागे फिरला आणि त्याने आपलं मशीन बंद केलं. मग कॅफेतली, त्या मुलीचं सोडून सगळी बंद झाली. मग जावेदचं.

पान हलेना.

"हुतंय का गं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. तिने नुसतं नाक ओढलं.

अम्मी पिशवीकडे बघत होत्या. बंद चेनमधूनही काही बाहेर येत असेल तर, अशा नजरेने! भाऊ माझ्याकडे बघत होता. जावेद कुणाकडेच बघत नव्हता. आतल्या खोलीतल्या मशीनची घरघर माजघरापर्यंत येत होती.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतल्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. अब्बांनी माउसवरचा हात न काढता चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अब्बा, माझा पिशवीत आहे. आता तुमचं बंद करून बघू या."