समूच्या बोटीचा उजवा पंखा

सांगते, सगळं सांगते. पण आधी कबूल करा, मामाजींसमोर हा विषय काढणार नाही.

त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. कशानं? सहा व्होल्टनं! आमची समू, वय वर्षं दहा, बोट बनवत होती. साधी नाही, पाण्याखाली मोटर असलेली. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र: पाणी, वीज आणि माझं लेकरू, तिघं एका टबात!

आता मी स्वतः अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. चार पेन्सिल सेलनी कुणाला शॉक बसत नाही, हे दरवर्षी वर्गात छातीठोकपणे सांगते. पण ती पोरं दुसऱ्यांची असतात ना! माझी पोरगी सायकल चालवते ती गल्लीच्या टोकापर्यंत, आणि तिचा पोहण्याचा क्लास गेली तीन वर्षं 'पुढच्या उन्हाळ्यात' सुरू होतोय.

या उद्योगातले तिचे गुरू म्हणजे मामाजी, माझे सासरे. त्यांचा उभा जन्म भातकुलीच्या दुकानात विहिरीच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेला. मी कुरकुर केली की म्हणायचे, "अवं सूनबाई, इहिरीतली मोटर बारा महिने पाण्यात बुडून राह्यते. मरते काय थे? सील बराबर पाह्यजे, बस!"

मग आजोबा-नात व्हरांड्यात ठाण मांडून. माझ्या कॅल्शियमच्या गोळ्यांच्या दोन डब्या (गोळ्या वाटीत ओतून!), प्रत्येकीत एक चिमुकली मोटर. झाकणातून बाहेर येणारी दांडी, दांडीवर नळी, नळीत ठासून ग्रीस, टोकाला पंखा. याला म्हणायचं पॉड. असे दोन पॉड बोटीच्या पोटाखाली टांगायचे, एक डावा, एक उजवा.

"आणि एक बंद पडला तर?" मी विचारलं.

"त बोट गोल गोल फिरते," समू म्हणाली. "आई, तुले फिजिक्स येते ना?"

पॉड रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी उघडले तर आत कोरडं ठणठणीत! मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. समू नाचली. आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या.

"माय वं! काय गोजिरी बोट हाये! आमच्या नातवाले त कागदाची बी जमत नाही!"

एवढं म्हणून त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला. हा सुस्कारा लक्षात ठेवा. मी तर दिवसभर दुसरं काही लक्षात ठेवूच शकले नाही.

आमच्या घरी लिंबू फक्त सरबतात पडतं, बरं का! दृष्ट, काळा दोरा, असलं काही चालत नाही. मामाजी म्हणतात, "लिंबू बांधून मोटर चालली असती त माहं दुकान कवाच बंद पडलं असतं!" आणि पटतं मला ते. शंभर टक्के पटतं. पण उद्या अकोल्याला विज्ञान प्रदर्शनात बोटींची स्पर्धा, दोन महिन्यांची मेहनत, आणि तो सुस्कारा...

सकाळी निघायच्या आधी मी शिलाईच्या डब्यातून काळा दोरा काढला. वर बांधावा तर मामाजींना दिसेल. बाजूला बांधावा तर समूला. मग कुठे? पोटाखाली! उजव्या पॉडच्या मानेला, पंख्याच्या अगदी मागे, चांगली दुहेरी गाठ मारून. टोकं जरा लांबच राहिली. कापणार, तेवढ्यात समू आली. म्हटलं राहू दे, टोकांनी काय होतंय?

फिजिक्स शिकवते मी. विसरू नका.

अकोल्याला शाळेच्या पटांगणात हौद भरलेला. बोट या काठावरून त्या काठाला सरळ गेली पाहिजे. नाही गेली, तर बिघाड कुठे आहे ते मुलानं स्वतः सांगायचं. बरोबर सांगितलं तर आणखी एक संधी, नाही तर घरी.

समूनं बटण दाबलं. बोट निघाली. हातभर गेली ऐटीत. आणि मग उजवीकडे वळली. आणखी वळली. आणि घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरायला लागली!

"पाहिलं?" मी मामाजींच्या कानात कुजबुजले. "लागलीच शेवटी दृष्ट! काकूंची!"

"सूनबाई," मामाजी म्हणाले, "तुमी थ्या पोराईले कालेजात काय शिकवता वं?"

समूचा चेहरा एवढासा झाला. "आबाजी, म्या ग्रीस कमी भरलं काय?"

तिचं ते तोंड मला बघवेना. मी सरळ परीक्षकांसमोर उभी राहिले. कुणी बोलावलं होतं का? नाही. "सर, मी फिजिक्सची प्राध्यापक. उजव्या सीलमधून पाणी शिरलंय. दांडीचं घर्षण वाढलं, म्हणून फेरे कमी पडताहेत. अगदी उघड आहे."

"सील माह्यासमोर भरलं हाये," मामाजी गुरगुरले. चाळीस वर्षांच्या धंद्यावर सुनेनं पाणी ओतलं होतं!

त्यांनी बोट उचलली, उलटी केली. उजव्या पंख्यावर काळ्याभोर दोऱ्याचा गुंडा! टोक धरून ते ओढायला लागले. दोरा येतोय, येतोय, संपेचना. शेवटी माझी दुहेरी गाठ आली, घट्ट, शाबूत. अहो, त्या बोटीवर सगळ्यात पक्कं काम तेवढंच होतं!

मामाजींनी आधी गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि दोरा परीक्षकांच्या हातात ठेवला.

परीक्षक समूकडे वळले. "बिघाड तू सांगायचा आहेस, बेटा. हा दोरा कशाचा?"

आता ही खरं सांगणार, सगळ्या पटांगणासमोर! माझ्या एका हातात तिची टोपी, टॉवेल, पाण्याची बाटली. दुसऱ्या हातात ग्लुकोजचा डबा. तोंड लपवायला हातसुद्धा रिकामा नाही.

समूनं दोरा निरखून पाहिला. मग मला न्याहाळलं, टोपीपासून ग्लुकोजपर्यंत. आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"सर, थे ब्रेक हाये. आमच्या घरी साऱ्याच गोष्टीले आई लावते."