घाटातली लकीर

लकीरमामांनी उभ्या आयुष्यात घाटातल्या त्या वळणावर कुणालाही मागे टाकलं नाही. मोटारीला नाही, टांग्याला नाही, बैलगाडीलासुद्धा नाही. पुढे गाडी असली की ते मोटार हळू करीत, भोंग्यावरचा हात काढून घेत आणि देवळात दर्शनाच्या रांगेत उभं राहावं तसे तिच्या मागोमाग जात. गाडीवान झोपलेला असला तर त्याला हाकसुद्धा मारीत नसत. दचकलेला माणूस कुठं वळेल याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं.

ते माझ्या आईचे चुलतभाऊ. राहायला बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. शनवाऱ्याच्या वेशीपासून असीरगडच्या घाटापलीकडच्या गावांपर्यंत जी सर्व्हिस मोटार चाले, तिच्यावर ड्रायव्हर होते. कुण्या बड्या साहेबाचा दौरा ठरला तेव्हा सडकेच्या खात्याने त्या वळणावर मधोमध पांढरा पट्टा ओढला आणि ‘येथे कोणी कोणास मागे टाकू नये’ अशी पाटी लावली. साहेब येऊन गेला. पाटी कुणीतरी चुलीला नेली, पट्टा पावसाने धुऊन गेला. बाकी ड्रायव्हरांच्या लेखी कायदाही तिथेच संपला. मामांच्या लेखी तो साहेबाच्या दौऱ्यापुरता नव्हताच. “साहेब गेला बाप्पा, पण वळण तर तिथंच आहे ना,” ते म्हणत.

दिवाळीच्या आधी राजपुऱ्यातलं घर चुन्याने पांढरं झालं की उरलेला चुना ते बालदीत घालून मोटारीत ठेवीत आणि घाटात उतरून वळणाची रेघ पुन्हा ओढीत. चुना उरावा म्हणून घराची मागची भिंत दरसाल तशीच राही. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवी. “पाहून घ्या. घरच्या भिंतीला चुना पुरत नाही, न् सडकेला पुरतो. सडकेशीच लगीन करायचं होतं!” मामा म्हणत, “सडक इतकी बोलत नाही.” या रेघेवरून गावाने त्यांना लकीरमामा केलं. खरं नाव पुढे पुढे टपालवाल्यालाही विचारावं लागे.

दुसऱ्या सर्व्हिसच्या ड्रायव्हरला सगळे पहिलवान म्हणत. तो त्याच वळणावर भोंगा वाजवीत मामांच्या उजवीकडून पुढे जाई, आणि जाताना खिडकीतून हात जोडी. “रामराम मामा! सासरी निघाले का?” मामाही हात वर करीत. पहिलवान नेहमी आधी पोचे. हळूहळू घाईची माणसं त्याच्या मोटारीत बसू लागली आणि मामांकडे म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि केळीचे घड उरले.

मामांना कधीतरी मोठा अपघात झाला असावा, असं पुष्कळांना वाटे. एकाने तर मेलेल्या माणसांचा आकडाही सांगितला होता. मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, “नाही रे. एकही नाही झाला.” मग म्हणाले, “व्हायची वाट पाहायची का?”

मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. वडील गेलेले, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं. घाटापलीकडे बहिणीकडे असताना निरोप आला, की नागपूरच्या एका मोठ्या शाळेत मुलाखतीला दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं आहे. बुऱ्हाणपुराहून दुपारची गाडी मिळाली तरच पोचणं शक्य होतं. मी मामांच्या मोटारीत बसलो. मामा आपले, ही भावना त्यात होती.

वळणावर कापसाच्या गाड्या लागल्या. सरकी काढायच्या जीनकडे निघालेली लांबच लांब रांग. उतार म्हणून गाडीवान खाली उतरून बैलांना आवरीत पावलापावलाने चालले होते. मामांनी मोटार हळू केली. मागून पहिलवान आला, भोंगा वाजवीत रेघ ओलांडून मोटारीच्या आणि साऱ्या गाड्यांच्या पुढे निघून गेला.

“मामा, काही येऊन नाही राहिलं,” मी म्हणालो.

“तुला दिसतं का पलीकडचं?”

“मी उतरून पाहून येतो.”

“तू पाहून सांगशील, तोवर येणारा निघालेला असंल.”

मागून एक म्हातारा ओरडला, “अहो, पोराच्या नोकरीचा सवाल आहे! एक बार टाका पुढं!” मामांनी मान वळवली नाही. त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता, ते मला दिसत होतं. नोकरीचं त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

स्टेशनवर गाडीचा धूर तेवढा दिसला. पहिलवानाचे उतारू त्या गाडीत बसून गेले होते. मी म्हणालो, “मामा, पलीकडून काहीच आलं नाही.”

“हो,” ते म्हणाले. “ते आपल्याला आता समजलं.”

माझी पेटी त्यांनी स्वतः उचलून घरी आणली. दारातच आईला म्हणाले, “ताई, पोराची गाडी माझ्यापायी चुकली. दुसऱ्या कुणाची चूक नाही.” क्षमा मात्र मागितली नाही. आई संक्रांतीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. नागपूरची जागा दुसऱ्याला मिळाली. मी शनवाऱ्याजवळच्या शाळेत कमी पगारावर लागलो आणि तिथेच राहिलो. भावाला एक वर्ष शिक्षण थांबवावं लागलं. मामा बरोबर होते की नाही, याचा निकाल मला कधी लावता आला नाही. त्या दिवशी वळणापलीकडे रस्ता मोकळा होता, एवढं खरं.

लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या आणि पहिलवानाचीही मोटार बैलगाडीच्या मागे धापा टाकू लागली. मामा तेव्हा फार खुशीत असत. “आता साऱ्यांनाच कायदा समजला,” म्हणत.

यंदा श्रावणात ते गेले. तापाचं निमित्त झालं.

घरात दुखवटा, म्हणून दिवाळीला सफेदी नव्हती. तरी मामीने मला बोलावून घेतलं. ओसरीवर चुना भिजवलेली बालदी होती.

“मामी, यंदा घराला...”

“घराला नाहीच लावायचा. सडकेला थोडाच दुखवटा असतो?” ती म्हणाली. “तू जा. तुझीच गाडी चुकली होती त्या लकिरीपायी. तूच जा.”

मी बालदी उचलली. घाटात उतरलो. जुनी रेघ पुसट झाली होती. काही ठिकाणी अंदाजानेच कुंचा फिरवीत होतो. मागे मोटार थांबल्याचा आवाज आला. पहिलवान होता. मोटार उतारूंनी भरलेली, रस्ता मोकळा, आणि मी एकटा वाकलेला. त्याने भोंगा वाजवला नाही. आतली माणसं कुरकुरू लागली तेव्हा तो त्यांच्यावर खेकसला, “गप बसा हो, काम चालू आहे!”

मग खिडकीतून डोकं काढून रेघेकडे पाहत राहिला.

“मास्तर,” तो म्हणाला, “जरा डावीकडं घ्या. मामांची तिथून जात होती.”