नंदाची जास्तीची टाळी

नंदा गेल्याचा तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. दूध उतू गेलं... आणि मला आठवलं काय, तर महिन्यापूर्वीच कांदिवलीच्या घरी पलंगावर बसून हीच बाई मला दम देत होती, "सुषमे, रडू नको हां. तुझा रडणा लय बेसूर आसता."

आम्ही दोघी कोरसवाल्या. तीस वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंत एकाच माइकसमोर उभ्या राहिलो. मी मुलुंडहून वेळेवर पोचायचे आणि जवळ राहणाऱ्या नंदाला रोज उशीर व्हायचा. एका दुपारी कुणा नव्या गायकाच्या पॉप अल्बमचं गाणं होतं. कोरसने फक्त टाळ्या द्यायच्या: मुखड्यानंतर चार, मग एकदम शांतता, मग कडवं. आम्ही सगळ्यांनी चार दिल्या, नंदाने पाच. त्या शांततेत तिची एकटीची टाळी अशी कडाडली की संगीतकारांनी काचेपलीकडून विचारलं, "कोणाची?" मी डोळ्यांनी 'गप्प बस' म्हणत होते, पण हिने सरळ हात वर केला. "माझी, सर. सवय आहे." सवय म्हणजे माहेरच्या गणपतीची. तिचे वडील गिरणीत होते. आरती संपून सगळ्यांचे हात थांबले की ते एक टाळी जास्तीची मारायचे, जो गावी राहिला, येऊ शकला नाही, त्याच्या नावाची. त्यांच्यानंतर ती नंदाकडे आली. संगीतकार चिडलेच होते, पण त्यांनी टेक दोनदा ऐकला आणि म्हणाले, "राहू दे."

गाणं तुफान चाललं. वरातीत, गॅदरिंगला, लोक चार टाळ्या मारून थांबायचे आणि मग ती पाचवी... नाव झालं गायकाचं. नंदाचं कॅसेटवर कुठेच नव्हतं, आणि त्याचं तिला काही नव्हतंही. जीव होता तो टाळीवर. गाणं सिनेमात घेतलं की पहिल्याच दिवशी मला ओढून नेणार. एका सिनेमात ते हळदीला वाजलं, दुसऱ्यात चोर पळताना. टाळी आली की माझ्या दंडाला चिमटा काढायची, "आली बघ आमची!"

तिसऱ्या सिनेमाने वाट लावली. रीमिक्स, मढच्या बंगल्यात नाच, आणि टाळ्या मशीनच्या, मोजून चार, असं आधीच कानावर आलं होतं. नंदा तेव्हा आजारी, तरी काठी टेकत आली. "माझी काढली की ठेवली, ते मला बघायचंय." गाणं लागलं. चार टाळ्या... शांतता. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात शेजारून फाडकन टाळी! आणि नुसती तिचीच नाही. पुढच्या कॉलेजच्या मुली, मागचे कुणी काका, बऱ्याच जणांचे हात सवयीने वाजले होते. नंदा खदखदून हसली. "मेल्यांनी काढली गो, पण लोकांनी ठेवली!" बाहेर येऊन तिने दोन वडापाव खाल्ले, डॉक्टरांना न सांगता.

गेल्या आठवड्यात तिच्या माहेरच्या गणपतीला गेले. तो आता घाटकोपरला, भावाकडे असतो. नंदाची मुलगीही आली होती. आरती संपली, सगळ्यांचे हात थांबले. कुणी काही करेना... ती टाळी नेहमी नंदाच मारायची. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघींनी एकदमच मारली.

मग मी रडले. बेसूरच.