बरणीच्या बुडाचा फोटो

चिनीमातीची जुनी बरणी हातात आली की मी ती आधी पालथी करते. लोक रंग बघतात, घाट बघतात, मला बूड बघायचं असतं. कारखान्याचा शिक्का, नंबर, जे काय खरं असेल ते तिथे असतं. मग एक टिचकी मारायची. टण्ण वाजली तर बरणी धड. बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे आणि ती सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. बँकेत तीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. निवृत्तीनंतर आता रत्नागिरीतल्या घराच्या पडवीत बसून बरण्या ताडते, त्यांची वर्णनं लिहिते आणि ऑनलाइन विकते.

वर्णनाच्या बाबतीत मी खडूस आहे. टवका उडालेला असेल तर टवका लिहायचा, मागेपुढे बघायचं नाही. "दुर्मीळ", "राजघराण्यातील" असले शब्द मी वापरत नाही. जिच्यात परवापर्यंत कैऱ्या मुरत होत्या ती बरणी राजघराण्यातली कुठून होणार? तरी गिऱ्हाईक विचारतंच, "ओरिजिनल आहे ना?"

जयगडच्या काकी आमच्या लांबच्या नात्यातल्या. काकांचं काम होड्या रंगवायचं. खाडीतल्या कितीतरी होड्यांवरची नावं त्यांच्या हातची असत. काका जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. गेल्या दिवाळीनंतर काकींनी मला बोलावलं आणि माळ्यावरच्या तीन बरण्या दाखवल्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, लोणचं घालायचं कुणासाठी? दोन बरण्या त्यांनी सहज पुढे सरकवल्या. तिसरी वर तपकिरी, खाली पांढरी, चांगली दहा किलोची. तिच्यावर हात ठेवून त्या थोडा वेळ बसल्या.

"ही पण ने गो बाय. माझ्याच्यानं आता उचलवत नाय. माझ्यामागं भंगारात जायची, त्यापेक्षा कोन तरी हौसेनं ठेवील. पण हिच्या बुडाचा फोटो काढून मला पाठव हां."

"पाठवते की," मी म्हटलं. काकींनाही शिक्क्याचं महत्त्व कळायला लागलं, म्हणून मला कौतुक वाटलं.

घरी आणून बरणी पालथी केली तर बुडाशी तांबड्या ऑइलपेंटने एका बाईचं नाव. काकींचं नव्हे, भलतंच. आपल्याकडे लग्नाकार्यात भांडी या घरातून त्या घरात जातात, म्हणून बुडाशी नाव घालायची पद्धत. कुणाची तरी आलेली बरणी परत करायची राहून गेली, असं मी ठरवून मोकळी झाले. रंगाखालून शिक्क्याची कड डोकावत होती आणि मला दम निघेना. आधी थिनरचा बोळा, मग जुनं ब्लेड. अर्ध्या तासात शिक्का असा लख्ख निघाला की मी स्वतःवरच खूश झाले. उजेडात फोटो काढला आणि काकींना पाठवला.

लगेच फोन आला.

"नाव कुठं गेलं गो?"

"साफ केलं, काकी. दुसऱ्या कुणाचं तरी होतं."

काकी म्हणाल्या, "माझंच होतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने, बरणी मांडीवर घेऊन, मी जयगडला गेले. वाटेत दोनदा ती पालथी केली, खिडकीच्या उन्हात तिरकी धरून पाहिली. एक रेघ उरली नव्हती. माझ्या हाताला सफाई आहे, याचा आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला.

काकींनी चहा दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी सांगितलं. लग्नात त्यांचं नाव बदललं, ते सासूच्या पसंतीचं. काकांना मात्र माहेरचंच आवडायचं. सासूच्या देखत त्या नावाने हाक मारायची सोय नव्हती. म्हणून पहिल्या वर्षी नवी बरणी आली तेव्हा काकांनी ते बुडाशी लिहून ठेवलं, कोण बघतंय तिथे. काकींना ते वर्षातून एकदा दिसायचं, लोणच्याआधी बरणी धुताना. उन्हात पालथी घातली की त्या वर फडकं टाकायच्या.

"एक पेंटर आहे माझ्या ओळखीचा," मी म्हटलं. "हुबेहूब लिहून घेते."

"त्यांचं अक्षर त्याच्याकडं कुठनं येनार?"

जिने जन्मभर सह्या ताडल्या तिने हे बोलावं, याची मला इतकी शरम वाटली की चहाचा कप खाली ठेवावा लागला.

"एखाद्या होडीवर असेल ना काकांचं अक्षर?"

"होड्या दर वर्षाला रंगवतात. जुनं खरवडल्याबिगर नवा रंग धरत नाय. ते सवताच खरवडायचे." त्यांनी बरणी जवळ ओढली. "तू काय मुद्दाम केलंस काय? पी चहा."

मी चहा प्यायले. बरणी परत नेणार नाही, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. खाडीकडून बंदराच्या क्रेनचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं,

"पुसण्याआधी वाचलंस तरी काय?"

"वाचलं होतं."

"म्हन बघू."

मी म्हटलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. सवयीने मी त्याच्यापुढे "काकी" लावलं.

"तसं नाय. नुसतं. हाक मारल्यासारखं."

माझ्या आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची, माझी जीभ रेटेना. काकी खाली मान घालून बरणीच्या बुडावरून बोटं फिरवत होत्या. शेवटी मी हाक मारली, स्वयंपाकघरातल्या माणसाला पडवीतून मारतात तशी.

त्यांची बोटं थांबली.

"ओ," काकी म्हणाल्या.