मुखपृष्ठावरची मावशी

शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रत्येकाला एक मासिक करायचं होतं. छापायचं नाही, नाव, मुखपृष्ठ, आतली पानं सगळी हातानं मांडून एकच प्रत बांधायची. नांदेडच्या त्या कॉलेजात कमर्शियल आर्ट शिकणाऱ्या पोरी दोनच, मी आणि माझी खोलीतली मैत्रीण. पोरांनी सिनेमा घेतला, क्रिकेट घेतलं. मी म्हणाले, मी गाण्याचं मासिक करणार. सरांना वाटलं तानपुरा, मैफल वगैरे. मी म्हणाले, तसलं नाही सर, आमच्याकडचं. गायन पार्ट्या, बँडवाले, कव्वालीवाले. "असलं मासिक विकत घेणार कोण?" सरांनी विचारलं. "मी घेईन की," मी म्हणाले. उलट बोलायची खोड मला तेव्हापासून आहे, आणि ती गेली असं अजून तरी कुणी म्हणालेलं नाही.

मासिकाचं नाव ठेवलं 'ठेका'. पण नावाच्याही आधी मुखपृष्ठ ठरलं होतं. त्यावर माझी मावशी येणार होती.

मावशी म्हणजे मायची पाठची बहीण. निलंग्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. ती गायन पार्टीत गायची. जयंतीचे दिवस आले की गावोगाव तिचे कार्यक्रम. लहानपणी मी मायबरोबर जायचे. माय पुढं बायकांत बसायची आणि मी पेंगायला लागले की मला ढोलकीवाल्याच्या मागं गोधडीवर टाकून द्यायची. त्यामुळं गाणारी मावशी मी पाठमोरीच बघितलेली. अंबाडा, पाठीवरचा पदर आणि वर उचललेला उजवा कोपर, बस्स. आवाज मात्र असा, की झोपेतसुद्धा माझे पाय हलायचे.

मी शेवटच्या वर्षाला आले त्याच्या आदल्या वर्षी पाऊस नव्हता, आणि त्याच्याही आदल्या वर्षी नव्हता. मावशीच्या गावात बाया विहिरीत उतरून तळाचं गढूळ पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. त्या पाण्यानंच मावशी गेली. जुलाब, उलट्या सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यायला गाडी मिळेस्तोवर सगळं संपलं. लातूरला निरोप आला तेव्हा मी सुट्टीत घरीच होते, माय भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तशीच उठली. पण ऊन असं, की मयत ठेवता येईना, आणि आमची एस.टी. वाटेतच बंद पडलेली. आम्ही पोचलो तेव्हा माणसं माती देऊन परत आली होती आणि हात धुवायला पाणी नाही म्हणून नुसतीच ओट्यावर बसली होती. मायला बहिणीचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. त्या एका गोष्टीनं माझी माय आतून खचली.

मावशीचा एकही फोटो नव्हता. म्हणून उचलायच्या आधी मावशानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, निलंग्याहून फोटोवाला बोलावला होता. आमच्याकडं तशी रीतच होती. माणूस जिवंत असताना फोटो काढायची फुरसत कुणाला नसते. गेल्यावर मग त्याला खुर्चीत बसवून फोटो काढतात, आणि फोटोवाला टचिंग करून त्याचे डोळे उघडून देतो. मावशीचाही तसाच फोटो फ्रेम होऊन आला. मायनं तो हातात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ही कोण बाई हाय?" मग जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत पालथा ठेवून दिला. पुढं मी सुट्टीत घरी आले की तिचं एकच. "तुझं शिक्षण तोंडं काढायचंच हाय ना? मग मला माझ्या बहिणीचं तोंड काढून दे. एकडाव बघू दे मला."

म्हणून मुखपृष्ठ. मार्कांचं मला काही पडलं नव्हतं असं नाही, पण मायला ते तोंड द्यायचं हे खरं काम होतं.

उन्हाळ्यात कॉलेजचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी निलंग्याला गेले. आतल्या पानांसाठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोटो हवे होते. आधी मावशीच्या पार्टीतल्या पेटीवाल्या काकांचं घर. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. काका पेटी घेऊन बसले, पण उन्हानं पेटीचा भाता चिरला होता. दाबला की नुसता श्वास टाकल्यासारखा आवाज यायचा. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर काकांच्या डोक्यावर भिंतीवरून एक हार घातलेला म्हातारा माझ्याकडं बघून राहिला होता. काकांचे वडील. आणि डोळे मायच्या ट्रंकेतल्या बाईचे. डावा उजव्यापेक्षा जरासा मोठा, बुबुळाखाली बारीक पांढरी रेघ. मी कॅमेरा खाली घेतला.

तिथून बँडमास्तरांकडं गेले. भिंतीवर त्यांची वारलेली बायको, डोळे तेच. चहा प्यायला हॉटेलात टेकले, गल्ल्याच्या वर मालकाचा भाऊ, डोळे तेच. मी चहा अर्धा सोडून उठले. त्या गावातली गेलेली माणसं सगळी वेगवेगळ्या तोंडांची, आणि त्यांच्यातून एकच कुणीतरी मला बघत होतं. मी भित्री नाही. पण त्या दुपारी रस्त्याच्या मधून चालत गेले, कुणाच्या उघड्या दारातून आत नजर जाऊ नये म्हणून.

फोटोवाल्याचं दुकान स्टँडच्या मागं होतं. म्हातारा एकटाच टचिंगच्या टेबलाशी बसलेला. मी सरळ विचारलं, "मामा, हे डोळे कुणाचे काढता तुम्ही?" त्यानं हनुवटीनं समोर दाखवलं. खिळ्याला दाढीचा आरसा टांगलेला होता. "मेल्या माणसाचे डोळे कसे हुते, मला काय ठावं बाई? आरशात बघतो अन् काढतो." मी त्याच्याकडं नीट बघितलं. डावा डोळा जरासा मोठा होता.

"म्हणजे ह्या तालुक्यातले सगळे मेलेले तुमच्या डोळ्यानं बघून राहिले," मी म्हणाले.

"हाव," तो म्हणाला. "नजर चांगली हाय माझी." आणि पुन्हा ब्रश चाटून कामाला लागला.

मावशीची निगेटिव्ह त्याच्याकडं होती. मी तिची मोठी प्रिंट काढून मागितली, टचिंग न करता. ती पाण्यातून निघाली तेव्हा मी पहिल्यांदा खरा फोटो बघितला. डोळे मिटलेले. हनुवटीला बांधलेलं फडकं फोटोपुरतं सोडलेलं, म्हणून ओठ थोडे विलगलेले. मान एका बाजूला कललेली. आणि उजव्या कानाशी, पदराखालून आलेली, चार बोटांची टोकं. खुर्चीच्या मागं बसून मावशानं तिचं डोकं सावरून धरलं होतं, त्याची ती बोटं. फ्रेम केलेल्या फोटोत म्हाताऱ्यानं ती काळ्या रंगानं बुजवून टाकली होती. मी प्रिंट कागदात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर न ठेवता शेजारच्या सीटवर ठेवली.

आता गंमत ऐका. त्या म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात इतकी नावं ठेवली, आणि नांदेडला येऊन केलं काय? मैत्रिणीचा आरसा मागून घेतला. मावशीचे डोळे उघडे बघितलेलं आठवून आठवून काही हाती लागेना, आणि सगळे नातेवाईक लहानपणापासून सांगत आलेले की ह्या पोरीनं डोळे मावशीचे घेतले. मग घेतलेत तर परत देऊ, असा माझा हिशोब. आरशात बघत पोस्टर कलरनं पापण्यांवर बुबुळं चढवली, पांढऱ्याचा बारीक ठिपका दिला, कडेला ओल दाखवली. कानाशी असलेली बोटं नंतर बुजवू म्हणून तशीच ठेवली. काम झालं आणि मी ब्रश धुवायला उठले, तर पाठ फिरवायला होईना. मीच काढलेलं, मलाच कळत होतं कुठला रंग कुठं आहे, तरी.

मैत्रीण जेवायला म्हणून खोलीत आली. दारातच थांबली. मग आपली ओढणी काढून तिनं त्या फोटोवर टाकली. "झाक हिला," म्हणाली. "तुझ्याकडं न्हाई, ती माझ्याकडं बघून राहिली." ताट घेऊन ती शेजारच्या खोलीत गेली आणि पुढं फोटो तिथं होता तोवर आमच्या खोलीत जेवलीच नाही. मी तिला येडी म्हणाले. पण सकाळी वेणी घालायला आरसा उचलला तेव्हा आतल्या डोळ्यांनी मला असं बघितलं, की जणू खरे ते ओढणीखालचे आणि ही नुसती नक्कल. वेणी मी अंदाजानंच घातली.

फोटो घेऊन लातूरला गेले. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. माझे वडील नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई, त्यांचा नवा ड्रेस, नवी टोपी, घरात त्याचं कौतुक चाललेलं. गावभर पेंटर लोक पाट्या रंगवत होते, जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून त्यावर नवं. रंग घाईत मारलेला. अक्षरं शिकलेल्या माणसाला असलं लगेच दिसतं: उन्हाची तिरीप पडली की नव्या नावाखालून जुनं नाव वर यायचं. स्टँडपासून घरापर्यंत मी तेच बघत गेले.

मायनं फोटो दाराशी उजेडात नेला. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी. तिनं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं.

"हे तुझे डोळे हायत."

"सगळे म्हणतेत ना माय, मावशीचेच आहेत म्हणून."

"माझ्या जित्या लेकीचे डोळे काढून मेल्या तोंडात घातलेस?" ती म्हणाली. आवाज अजिबात मोठा नव्हता. "पूस."

मला राग आला. इतके दिवस मागं लागलीस तू, आरशासमोर बसून मान मोडली माझी, आणि आता पूस? हे सगळं मी बोलले, आणखीही बरंच बोलले. मायनं ऐकूनच घेतलं नाही. टँकर यायचा होता, रांजणात तळाला पाणी. आम्हाला पेल्यानं मोजून देणारी माझी माय, तिनं रांजण कलता केला, तांब्या काठोकाठ भरला आणि कापसाचा बोळा घेऊन माझ्यासमोर ठेवला. "पूस म्हणते ना."

मी पुसलं. आधी डावा. बुबुळ विरघळलं आणि काळा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत आला. तो टिपला, तर खालून मिटलेली पापणी वर आली. थोडा वेळ एक डोळा उघडा आणि एक मिटलेला अशी मावशी आमच्याकडं बघत होती. मला पुढं हात लावायला होईना. मायनं माझ्या हातातला बोळा घेतला आणि उजवा डोळा तिनं स्वतः पुसला, लेकराचं तोंड पुसावं तसा, हळू.

मग बोळा तिनं खाली ठेवला. मला वाटलं आता हंबरडा फोडते. पण तिचा डावा हात जमिनीवर पडला होता आणि त्याची बोटं हलत होती. ठेका धरून राहिली होती ती.

"उचलून राहिली बघ," माय म्हणाली. "वरचा सूर उचलून राहिली."

"माय?"

"गाताना ती डोळे कधी उघडायची न्हाई. कानावर हात घ्यायची, मान टाकायची अन् मिटायची. पुढं बसून आयुष्यभर बघितलंय मी."

पाठमोरी मावशी माझ्या डोळ्यापुढं आली. अंबाडा, पदर, वर उचललेला उजवा कोपर. तो कोपर कशासाठी वर असायचा ते मला त्या दिवशी कळलं. "पण माय," मी म्हणाले, "तो हात तिचा न्हाई. तो..."

"मावशाचा हाय. मला कळत न्हाई व्हय? ऱ्हाऊ दे तो." आणि फोटोकडं वाकून म्हणाली, "दिसलीस गं बाई एकदाची." तेव्हा मात्र मी ढसाढसा रडले. माय रडली नाही.

मुखपृष्ठ तसंच केलं. फोटोला ब्रश लावला नाही, बोटं बुजवली नाहीत, वर फक्त 'ठेका' लिहिलं. कॉलेजात मांडणी बघायला आलेले सर त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. "कुठल्या कार्यक्रमातला फोटो? काय तल्लीन झालीय बाई." मी म्हणाले, निलंग्याकडचा आहे, सर. उलट बोलायची खोड त्या दिवशी कुठं गेली होती कुणास ठाऊक. मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. तिनं ओढणी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

मासिकाची प्रत कॉलेजनं ठेवून घेतली. मुखपृष्ठाची दुसरी प्रत मी मायला फ्रेम करून दिली. तिनं ती चुलीसमोरच्या भिंतीवर लावली, भाकरी थापताना दिसेल अशी.

पावसाळ्यात पेटीवाले काका काही कामानं लातूरला आले, तसे घरी आले. चहा पिताना त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं आणि कपबशी त्यांनी खाली ठेवली. "ही रात ध्यानात हाय माझ्या," म्हणाले. "पेटीवर मीच हुतो. दुसरं कडवं चाललंय तिचं." कुठलं गाव, मांडव कसा होता, सगळं सांगितलं त्यांनी. मी मायकडं बघितलं नाही, मायनं माझ्याकडं बघितलं नाही. चुलीत लाकूड तडतडत होतं.

जाताना काका दारात थांबले. "पण वहिनी, तिला जाऊन वर्ष झालं. हार कामून घातला न्हाई फोटोला?"

मायनं तव्यावरची भाकरी उलटली.

"गाणं चालू हाय की अजून," ती म्हणाली. "संपल्यावर घालतेत हार."