पाठ केलेली भाषा

माझ्या फोनमध्ये अडतीस सेकंदांचं एक रेकॉर्डिंग आहे. त्यात आमचे साहेब हॉस्पिटलच्या पलंगावरून तेच तेच काहीतरी सांगतायत आणि मी मध्ये मध्ये 'हो, हो' म्हणतोय. ते काय सांगतायत हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. ते लिहून काढल्याशिवाय आता राहवत नाही.

साहेब वेल्सचे. इंग्लंडला लागून असलेला तो डोंगराळ मुलूख. तिथे इंग्रजीहून अगदी वेगळी, जुनी भाषा बोलतात हे मला कुवेतला येईपर्यंत माहीत नव्हतं. तरुणपणी ते मीना अल-अहमदीच्या रिफायनरीवर इंजिनिअर म्हणून आले आणि पुढे एका कुवेती भागीदाराबरोबर त्यांनी व्हॉल्व्ह दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. रिफायनरीतले माणसाएवढे व्हॉल्व्ह आमच्याकडे यायचे. ते उघडायचे, घासायचे, पाण्याच्या दाबाखाली तपासायचे आणि परत पाठवायचे, हे आमचं काम. मी रत्नागिरीकडचा, आयटीआय झालेला फिटर. अब्बासियात एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो आणि पहाटे कंपनीच्या बसने कामावर जायचो.

दुरुस्त झालेल्या प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची एक चकती बांधायची रीत होती. तिच्यावर 'तपासला, ठीक आहे' असं अरबीत आणि इंग्रजीत ठोकलेलं असायचं. आमच्या चकतीवर तिसरी ओळ असायची, वेल्शमध्ये. साऱ्या कुवेतमध्ये ती वाचू शकणारी माणसं एका गाडीत मावली असती. रिफायनरीतल्या एका अधिकाऱ्याने ही ओळ काढा, गोंधळ होतो, असं पत्र पाठवलं. साहेबांनी आठवडाभर विचार केला आणि तिसरी ओळ चकतीच्या पाठीवर ठोकायला सांगितलं. म्हणाले, व्हॉल्व्हला तर दोन्ही बाजू दिसतात.

त्यांच्या गावची शाळा मुलं कमी म्हणून बंद झाली, तेव्हा तिची इमारत त्यांनीच घेतली आणि तिथे भाषेचे वर्ग सुरू केले. गावचं एक छोटं मासिक निघायचं, तेही त्यांच्या आधारावर. सुट्टीत गावी गेले की दुकानादुकानांत जाऊन पाटी आपल्या भाषेत लावा म्हणून मागे लागायचे, पाटीचा खर्च स्वतः करायचे. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, मोठेपणा म्हणून नाही, तर आपण अजून काय काय केलेलं नाही ते सांगता सांगता.

अबू हलीफाला समुद्रासमोर त्यांचा फ्लॅट होता. बायको वारलेली, एकुलती मुलगी वेल्समध्ये शिक्षिका. त्या घरात एक नियम होता. दाराजवळ चपलांचा स्टँड होता, त्याच्या पलीकडे इंग्रजी बोलायचं नाही. वेल्श येत नसेल तर आपापल्या भाषेत बोला, खुणा करा, पण इंग्रजी चपलांबरोबर बाहेर. मार्चच्या पहिल्या तारखेला त्यांच्या संताचा दिवस असतो. त्या दिवशी ते वर्कशॉपच्या सगळ्यांना घरी बोलवायचे आणि स्वतः केलेलं कांदापातीसारख्या भाजीचं सूप वाढायचे. मग प्रत्येकाने आपल्या भाषेत काही म्हणायचं. मलयाळी पोरं होडीचं गाणं म्हणायची, इजिप्तचा वेल्डर रडवेलं काहीतरी गायचा.

तिसऱ्या वर्षी मला बुद्धी सुचली. साहेब त्यांच्या गावच्या चर्चमधली एक प्रार्थना कामाच्या तंद्रीत पुटपुटायचे. ती मी ऐकून ऐकून वहीत देवनागरीत उतरवली आणि तोंडपाठ केली. लहानपणी घरी दिवेलागणीला बसून आम्ही भावंडं स्तोत्रं म्हणायचो. एका अक्षराचा अर्थ माहीत नसायचा, पण उच्चार चुकला तर वडील मांडीवर चापट मारायचे. त्या सवयीला वेल्श काय आणि संस्कृत काय. त्यांच्यात 'ल' फुंकर मारल्यासारखा म्हणायचा एक आवाज आहे, तो इंग्रजांनाही जमत नाही म्हणतात. मी 'कोल्हा'मधला ल्ह जरा जोरात काढला आणि त्याच्या जवळपास पोचलो.

मी म्हणायला लागलो आणि साहेबांनी वाटी खाली ठेवली. प्रार्थना संपली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते माझ्याशी भराभर बोलायला लागले, वेल्शमध्ये. तेव्हाच मी सांगायला हवं होतं की साहेब, हे नुसतं पाठांतर आहे. मी मान डोलावली. 'हो'साठी त्यांचा एक शब्द मला येत होता, तो म्हटला.

पुढे वर्षभरात मी सुपरवायझर झालो. पगार वाढला, फॅमिली व्हिसाच्या अटीत बसलो, बायको आणि मुलगी कुवेतला आल्या. त्या प्रार्थनेमुळेच हे झालं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण नाही असंही म्हणता येत नाही. खोलीतल्या जुन्या सोबत्यांना मात्र खात्री होती. मी भेटायला गेलो की एक जण हमखास म्हणायचा, "इलो रे, सायबाचो राघू इलो."

नऊ वर्षं मी हे निभावलं. बोलणाऱ्याला बोलायची हौस असली की ऐकणाऱ्याला फारसं काही करावं लागत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला जायचो. ते गावचं सांगत असावेत, बायकोचं सांगत असावेत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून 'हो', 'नाही', 'फार छान' यातलं एक म्हणायचो. वर्कशॉपच्या आवाजाने त्यांचे कानही मंद झाले होते. कधी कधी ते मध्येच थांबायचे आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे. मग पुन्हा बोलायला लागायचे. गावच्या मासिकात माझा फोटो छापून आला. मुलीशी व्हिडिओवर बोलताना ते मला पुढे करायचे आणि मी प्रार्थनेच्या दोन ओळी म्हणायचो. ती टाळ्या वाजवायची.

एकदा वर्कशॉपमध्ये त्यांनी मला इंग्रजीत विचारलं होतं, "तुझी मुलगी तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलते?"

मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, असं मी हसत सांगितलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपची एक खोली रिकामी करून घेतली, फळा लावला आणि म्हणाले, शुक्रवारी तुमच्या मुलांना इथे आण आणि शिकव. तीन शुक्रवार मी मुलीला आणि आणखी चार पोरांना घेऊन गेलो. चौथ्या शुक्रवारी गणिताची ट्यूशन आली, मग कोणाचा तरी वाढदिवस आला. फळ्यावरची माझी मुळाक्षरं साहेबांनी शेवटपर्यंत पुसू दिली नाहीत.

मागच्या-मागच्या हिवाळ्यात त्यांना वर्कशॉपमध्येच झटका आला. उजवी बाजू गेली. मीच त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, नातेवाईक म्हणून माझाच नंबर लिहून दिला. दोन दिवसांनी वॉर्डमधल्या सिस्टरचा फोन आला. ती सोलापूरची, भरती करतानाच आमची ओळख झाली होती.

"दादा, तुमचे साहेब शुद्धीवर आलेत," ती म्हणाली. "पण इंग्लिश गेलं बघा त्यांचं. डॉक्टर म्हणतात असं होतं कधी कधी. काहीतरी सारखं सांगतायत, इथं कुणाला कळंना. तुम्हाला येती ना त्यांची भाषा? ऑफिसवाले म्हणत होते."

मी गेलो. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मला बघून त्यांनी डावा हात उचलला आणि बोलायला लागले. तेच तेच, तोंडातल्या तोंडात, अडखळत. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. आता आपलं ऐकणारा आला, असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांचा हात धरला आणि सवयीने 'हो, हो' म्हणालो.

"काय म्हणतायत?" सिस्टरने विचारलं.

"पाणी मागतायत," मी म्हणालो.

पाणी द्यायचं नव्हतं, ठसका लागला असता. तिने कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या ओठांवर फिरवला. त्यांनी तोंड फिरवलं. मग पुन्हा माझ्याकडे बघून तेच बोलले, या वेळी सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं. मी फोन काढला आणि ते रेकॉर्ड करून घेतलं. घरी जाऊन साहेबांच्या मुलीला पाठवू, ती सांगेल, असा माझा विचार होता. तो खरंच होता.

पण घरी जाऊन बसलो आणि धीर झाला नाही. पाठवायचं म्हणजे मला यातलं काही येत नाही, हे तिला सांगायचं. नऊ वर्षं तिच्या वडिलांना फसवलं हे सांगायचं. उद्या साहेब जरा बरे होतील, मग बघू, असं म्हणून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी पलंगाशेजारी असतानाच तिचा फोन आला. तिचा व्हिसा आणि तिकीट व्हायचं होतं, दोन दिवसांत पोचते म्हणाली. म्हणजे तसं म्हणाली असावी, कारण ती वेल्शमध्ये बोलत होती. माझ्याशी ती कायम वेल्शमध्येच सुरुवात करायची. मी घाईने इंग्रजीत म्हणालो, आवाज नीट येत नाही. मग तीही इंग्रजीत आली. बाबा बोलतायत का, असं तिने विचारलं.

मी साहेबांकडे बघितलं. ते माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. फोन त्यांच्या कानाला लावला असता तर ते बोलले असते, आणि मग तिने मला विचारलं असतं की हे कालपासून असं बोलतायत, तर तुम्ही मला कळवलं का नाही.

"झोपलेत," मी म्हणालो. "विश्रांती घेऊ दे त्यांना."

आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो.

त्या रात्री ते गेले. ती तिसऱ्या दिवशी दुपारी पोचली. त्यांना गावी न्यायची कागदपत्रं होईपर्यंत ती चार दिवस अबू हलीफाच्या फ्लॅटवर राहिली. मी भेटायला गेलो तेव्हा चपला स्टँडवर काढल्या आणि पुढे पाऊल टाकवेना. ती दाराशी आली. मी इंग्रजीत सांत्वनाचं काहीतरी म्हणालो, तेव्हा तीही नियम मोडून इंग्रजीत म्हणाली की शेवटी त्यांच्याजवळ त्यांची भाषा समजणारं कोणीतरी होतं, एवढं मला पुरे आहे. मग विचारलं, ते काय बोलत होते.

"तुमची आठवण काढत होते," मी म्हणालो. "समाधानी होते."

ती माझे दोन्ही हात धरून रडली. ती रडत असताना रेकॉर्डिंग माझ्या शर्टच्या खिशात होतं.

त्यानंतर मी वेल्श शिकायला लागलो. कोणाला सांगितलं नाही. फोनवरच्या धड्यांपासून सुरुवात केली, मग मंगळवारचा ऑनलाइन वर्ग लावला. वर्गात सगळ्यात ठोंब्या मीच. पाठांतर पक्कं, पण बाईंनी साधा प्रश्न विचारला की तोंड बंद. माझी मुलगी आता पुण्याला कॉलेजात आहे. सुट्टीत आली तेव्हा तिने मला वही घेऊन बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, व्हाय नाऊ?" मी तिला मराठीत सगळं सांगितलं. ती पूर्ण ऐकून घेईपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी निघताना "येते" म्हणाली.

जुनी वही काढून त्या प्रार्थनेचा अर्थ लावला, त्याला दोन महिने गेले. रेकॉर्डिंगला वर्षाहून जास्त लागलं. ओढलेल्या तोंडातून आलेले शब्द, त्यात माझंच 'हो, हो' आड येत होतं. वेग कमी करून ऐकायचो. आधी 'मुलगी' हा शब्द सापडला, मग 'ऐकू दे'. उरलेला शब्द ल्हने सुरू होतो एवढं कळत होतं. तो 'आवाज' होता. मुलीचा आवाज मला ऐकू दे. अडतीस सेकंदांत तीन वेळा.

हे कळल्यावर काय करायचं, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. साहेबांच्या मुलीला सांगितलं तर मी दिलेलं खोटं समाधानही तिच्याकडून काढून घेणार. नाही सांगितलं तर साहेबांचं मागणं कायम माझ्याच फोनमध्ये राहणार. बायकोलाही एव्हाना सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली, "तुम्हाला हलकं व्हायचंय म्हणून पाठवू नका. तिचं आहे म्हणून पाठवा." मला अजूनही नक्की माहीत नाही की मी कशासाठी पाठवलं.

मार्चच्या पहिल्या तारखेला वर्कशॉपमध्ये काही झालं नाही. नव्या मालकाने चकत्यांच्या पाठीवरची ओळ बंद केली आहे, फळ्याची ती खोली आता स्टोअर आहे. संध्याकाळी घरी येऊन मी रेकॉर्डिंग तिला पाठवलं. खाली सगळं लिहिलं, पाण्याचं, 'झोपलेत' म्हटल्याचं, वहीचं. वेल्शमध्ये लिहिलं, माझ्या मनाने, कोणाला न दाखवता. चुका असतील.

अकरा दिवस काही आलं नाही. बाराव्या दिवशी एक ओळ आली, वेल्शमध्येच.

'फोन तुमच्या हातात होता.'

वही उघडावी लागली नाही. मग त्यांचा तो 'हो'चा शब्द लिहिला आणि पाठवला.