मेसच्या मावशींची आगगाडी

जन्मात कधी आगगाडीत पाय न ठेवता आगगाडीतल्या जागा वाटण्याचा अधिकार या जगात एकाच व्यक्तीला मिळाला, आणि ती व्यक्ती म्हणजे लातुरात आम्हा पोरांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या आमच्या मेसच्या मावशी. खरी रेल्वे जागा देते ती गाडी सुटायच्या दिवशी. मावशी रोज द्यायच्या आणि रोज काढूनही घ्यायच्या. ताटात भाजी टाकली की खिडकी गेली. ताट घासून उपडं घातलं की खिडकी आली. चाचणीत कमी मार्क पडले म्हणून तोंड पाडून बसलेल्या पोराला दोन दिवसांपुरती खिडकी मिळायची, आणि तो पुन्हा हसायला लागला की दुसऱ्या दुःखी पोराला जायची. ही गाडी अजून ठरलेली नव्हती, तिचा दिवस कुणाला ठाऊक नव्हता, तरी तिच्यातल्या खिडकीसाठी बारावी सायन्सची पोरं एकमेकांशी अबोला धरत.

भूकंपाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासची लाट आली होती. गल्लोगल्ली बोर्ड लागत होते. लांबलांबच्या गावांतून पत्र्याच्या ट्रंका घेऊन पोरं उतरत होती. मी हिमायतनगरहून आलो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं लातूरचा प्रत्येक माणूस मला माझ्याहून शहाणा वाटायचा. मावशी कुणालाच नावानं हाक मारत नसत, ज्याच्या त्याच्या गावावरून मारत. "ए बिलोली, डाळ घे." "चाकूर, तुझा बा बरा हाय का?" माझ्या गावाला स्टेशन आहे हे कळल्यावर त्यांनी मला रेल्वेतला जाणकार ठरवून टाकलं. मी गाडी पाहिली होती ती आमच्या रानातून, बैल राखताना. पण कुणी आपल्याला पहिल्यांदाच जाणकार म्हणत असेल तर "मला माहीत नाही" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. आंबिलीचं मडकं डब्यात खिडकीपाशी ठेवलं तर चालतं का, असं मावशींनी विचारलं तेव्हा मी गंभीरपणे सांगितलं, "त्याला गार्डाची परवानगी लागते." मावशी म्हणाल्या, "मंग तूच गार्ड." त्या दिवसापासून मी गार्ड झालो.

त्यांची गाडी म्हणजे लातूरहून बार्शीवरून कुर्डुवाडीला जाणारी छोट्या रुळांची गाडी. आणि तिला कोळशाचंच इंजिन हवं, हा त्यांचा हट्ट. डिझेलचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "त्यो मोटारीचा आवाज हाय रे. कोळशाचं इंजिन कसं अंगातनं हालवतंय." त्या गाडीनं आलेलं कुणी जेवायला बसलं की मावशी पोळीचा डबा हातात धरून समोर बसत. "मुरूड सोडल्यावर डाव्या हाताला काय लागलं?" पोरगं गोंधळायचं. त्यानं सगळा रस्ता नोट्स वाचण्यात काढलेला असायचा. "अर्धा दिस बसून आलास अन् डाव्या हाताला काय हाय ते म्हाईत न्हाई? पेशंटच्या डाव्या हाताला काय झालंय ते कसं कळंल तुला?" अशा चौकशांतून त्यांनी तो सगळा रस्ता जमवला होता. कुठं करडई पिवळी दिसते, कुठं तुरीची उंच रानं खिडकीला घासतात, ढोकीला कारखान्याच्या मळीचा वास कुठून सुरू होतो, येडशीचा घाट कुठं उतरायला लागतो. घाटात कुणी काही खायचं नाही, नुसतं बघायचं, असा नियम होता. एका वळणावर गाडी इतकी हळू होते असं त्यांनी ऐकलं होतं की त्यांनी दोन सडपातळ पोरं हरभऱ्याचे ढाळे उपटायला नेमली होती आणि एक जाडजूड पोरगा त्यांच्या चपला सांभाळायला. पांढरा सदरा कुणी घालायचा नाही. इंजिनाकडं तोंड करून चष्मेवाल्यांनीच बसायचं, म्हणजे डोळ्यांत कोळसा जाणार नाही. पंगतीत आम्ही समोरासमोर दोन रांगांत बसायचो. वाढताना मावशी मधून अशा काही डुलत चालायच्या की डाळ-भात खाता खाता आमची गाडी खरंच मुरूडच्या पुढं निघून जायची.

पण हे सगळं त्या नुसत्या हौसेनं करत नव्हत्या.

मावशींचं गाव औशाच्या पलीकडं. भूकंपाच्या त्या पहाटे त्यांचे मालक आणि सासूबाई माळवदाखाली गेले. आमच्याकडं मातीचं सपाट छत असतं ते माळवद. हे त्यांनी एकदाच सांगितलं, कणीक मळता मळता, आणि लगेच म्हणाल्या, "मीठ दे तिकडचं." तेव्हापासून त्या छपराखाली निजल्या नव्हत्या. मेसच्या दोन खोल्या होत्या. त्यांत ज्वारीची पोती निजत आणि मालकीणबाई अंगणात लिंबाखाली बाजेवर. पावसात बाजेवर ताडपत्री यायची. "अन् ही पडली तर?" बिलोलीनं एकदा विचारलं. बिलोलीच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मावशी म्हणाल्या, "पडली तर पांघरूण व्हईल."

त्या दिवाळीत त्यांच्या एकुलत्या लेकीकडून निरोप आला. दिवस गेले होते, पहिलटकरीण होती आणि रिवाजाप्रमाणं बाळंतपणाला आईकडं येणार होती. मावशींनी सगळ्यांना शिरा वाढला. संध्याकाळी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गार्ड, ओल्या बाळंतिणीला अंगणात निजवू का रं मी? अन् तिला आत ठेवून मी भाईर राहू? लेकरू रडलं तर घेणार कोण?" त्यांनीच उपाय काढलेला होता. "म्या लई इचार केलाय. घर हालायसाठी बांधत न्हाईत, म्हणून हाललं की पडतंय. गाडी हालायसाठीच केलीय. तिचं छप्पर रोज हालतंय अन् पडत न्हाई. तिच्यात एकदा माझा डोळा लागला की भ्या मोडंल. मंग घरात निजायला येईल मला." मी बारावीला फिजिक्स शिकत होतो. त्या विचारात चूक कुठं आहे हे मला तेव्हा सापडलं नाही, आजही सापडत नाही.

दिवस ठरवला तो शेजारच्या फिटरचाचांनी. चाचांची उमर इंजिनाच्या शेडात गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी ते एकदा शेडाकडं जाऊन यायचे. ते बातमी घेऊन आले. कोळशाचं शेवटचं इंजिन आता बंद होणार. त्याला रंगरंगोटी करून कुठल्याशा चौथऱ्यावर उभं करणार, लोक त्याच्यापुढं फोटो काढणार. "बाई, जिंदा है तब तक बैठ लेव," चाचा म्हणाले. "डिझेल दुरुस्तीकू गया. येळवस के दिन यहीच लगेगा."

येळवस म्हटल्यावर मावशींचे डोळे चमकले. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. लातूर शहर त्या दिवशी असं ओस पडतं की क्लाससुद्धा बंद, कारण शिकवणारेच रानात. मेसला सुट्टी. आणि रुळांच्या दोन्ही बाजूंनी शेताशेतात माणसं, कडब्याच्या खोपी, चुली. ज्यांची गावं लांब आहेत अशी आम्ही आठ पोरं उरणार होतो. चाकूरचं गाव जवळ होतं, पण त्यानं घरी चाचणीचं कारण सांगितलं आणि तोही राहिला. नऊ झालो.

मावशींनी आदल्या दिवसापासून सगळ्या हिरव्या दाण्यांची आंबट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील केली. स्टेशनवर गाडी उभी होती, पुढं काळं इंजिन सुस्कारत होतं. मावशींनी डब्यात एक पाय ठेवला. छताला बोटानं ठोकून पाहिलं, जसं टरबूज ठोकतात. दुसरा पाय फलाटावरच.

"बाई, एक पाँव फलाट पे रखके गाडी नहीं छुटती," आमच्याबरोबर निघालेले चाचा म्हणाले.

शिट्टी झाली, तेव्हा कुठं दुसरा पाय आत आला. गाडीला हिसका बसला आणि मावशींनी माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ दोन दिवस होते.

"हालली रं."

"हाव मावशी. आता हालतच राहणार."

"राहू दे. हालू दे."

बघता बघता त्यांची पकड सैल झाली. चेहरा मऊ झाला. आम्ही एकमेकांकडं पाहून डोळे मिचकावले. आणि पहिलं स्टेशन आलं.

इतक्या दिवसांच्या त्या योजनेत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. कुठल्या स्टेशनावर काय खायचं, काय बघायचं हे सगळं ठरलेलं होतं, पण स्टेशनावर गाडी थांबते, आणि थांबली की छप्पर स्थिर होतं! मावशी ताडकन उठून दाराशी गेल्या आणि गाडी सुटेपर्यंत पायरीवर उभ्या राहिल्या. दुसऱ्या स्टेशनावर तेच. जाणकार म्हणून सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी मडक्याकडं पाहत बसलो.

मार्ग काढला बिलोलीनं. तिसऱ्या थांब्याला मावशी उठणार, एवढ्यात तो मधोमध उभा राहून डावी-उजवीकडं झुलायला लागला. "या रे! उठा की! डबा हलका हाय, हालतो बघा!" आणि खरंच हालला. छोट्या रुळांचा डबा तो, नऊ पोरं एका तालात झुलली की पाळण्यासारखा कुरकुरायचा. मावशी अर्ध्या उठलेल्या होत्या, त्या छताकडं बघत खाली बसल्या. मुरूड सोडल्यावर थोड्याच वेळात त्यांचं डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलं आणि तोंड किंचित उघडं पडलं. मावशी झोपल्या होत्या. छपराखाली.

ढोकीला इंजिन बराच वेळ थांबलं. आम्ही बराच वेळ झुललो. घामानं भिजलो, चाकूरला उलटी येईल असं वाटायला लागलं, तरी झुललो. चाचासुद्धा म्हातारपणी खांब धरून झुलत होते. खरा गार्ड धावत आला, खिडकीतून ओरडणार तोच चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. "आवाज नक्को साब. बाई सोयी है." त्यानं मावशींकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि काय समजला देव जाणे, पण हिरवा झेंडा त्यानं शिट्टी न वाजवता दाखवला.

मग ती सगळी रानं आली. करडईचं पिवळं, ज्वारीचं हिरवं, त्यात लाल-जांभळी लुगडी, खोपींतून वर जाणारा धूर. आमचा धूर त्यात मिसळत होता. बायका हात उंच करून हाका मारत होत्या, "जेवायला या वो, जेवायला या!" गाडी इतकी हळू चालली होती की उतरून जेवून यावं. ढाळे उपटायला नेमलेली पोरं जागेवरून हलली नाहीत. आम्ही नऊ जण डब्यात न बोलता बसून होतो आणि मावशींनी आम्हांला वर्षभर दाखवलेलं सगळं त्यांच्या वतीनं बघत होतो. घाटात डब्यात झाडांच्या सावल्या येऊन मावशींच्या चेहऱ्यावरून सरकत गेल्या. उठवू का, असं बिलोलीनं मला खुणेनं विचारलं. मी नको म्हणून मान हलवली. माझ्या गार्डपणातला तेवढा एकच निर्णय मला बरोबर घेता आला.

जाग आली ती बार्शीच्या फलाटावर, हमालांच्या आरड्यानं. "ढोकी आली का रं?"

"मावशी, बार्शी आली."

"अन् घाट?"

"गेला."

"माणसं दिसली का रानात?"

"लई दिसली. तुम्हाला हाका मारत होती."

"मुडद्यांनो, उठवलं का न्हाई मंग?"

बिलोली म्हणाला, "उठवणार होतो, पण तुमच्या घोरण्यानं ड्रायव्हरला वाटलं मागं दुसरं इंजिन जोडलंय."

मावशींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग त्यांनी छताकडं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "भुका लागल्या असतील. पानं मांडा." बार्शीच्या फलाटावर आम्ही येळवस जेवलो आणि एसटीनं परत आलो.

त्यानंतर त्यांची बाज रोज थोडी थोडी खोलीकडं सरकायला लागली. माझी परीक्षा झाली तेव्हा ती उंबऱ्यात पोचली होती, डोकं बाहेर आणि पाय आत. पुढं काय झालं ते मला गावी कळलं नाही.

नांदेडच्या मेडिकल कॉलेजात माझा नंबर लागला, तेव्हा मी पेढे घेऊन मुद्दाम लातूरला गेलो. घरच्यांच्या आधी कुणाला सांगायचं असेल तर त्यांनाच, असं मनात होतं. दुपारची वेळ होती. दार उघडं होतं. आत पोत्यांच्या बाजूला नव्या दोरीचा पाळणा टांगलेला होता. मावशी खाली चटईवर पडल्या होत्या, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, आणि पाय झोपेतच हळूहळू हलत होता. लेक कुजबुजली, "उठवू का, दादा?"

मी नको म्हणालो. उंबऱ्याबाहेर बसून राहिलो, उन्हं कलेपर्यंत. मग शेवटची बस पकडायची होती म्हणून पेढे लेकीच्या हाती दिले आणि निघालो. निकाल मी त्यांना माझ्या तोंडानं सांगितलाच नाही.